कोल्हापूरच्या चित्रकारांचे समूहप्रदर्शन : प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२५

आज पहिली बैठक झाली. शहरात सध्या काम करणारे चित्रकार व शिल्पकार आणि त्यांच्या मागे उभी असलेली सव्वाशे वर्षांची परंपरा एकाच दालनात दाखवणारे प्रदर्शन डिसेंबरच्या अखेरीस भरवायचे, यावर सर्वांचे एकमत आहे. मांडणी कशी असावी, यावर मात्र संध्याकाळ उलटून गेली तरी चर्चा चालू होती. ज्येष्ठतेनुसार भिंती वाटून द्याव्यात, म्हणजे प्रारंभी आबालाल रहिमान, मग आनंदराव व बाबूराव पेंटर, मग त्यांची शिष्यमंडळी आणि शेवटी आजचे चित्रकार, असा एक प्रस्ताव होता. तो सोपा आहे आणि कोणी दुखावले जाणार नाही हा त्याचा मोठा गुण आहे. पण अशा मांडणीत प्रेक्षक पहिल्या भिंतीसमोर हात जोडतो आणि शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचतो तेव्हा घड्याळ पाहू लागतो, असा माझा पूर्वीच्या प्रदर्शनांचा अनुभव आहे, आणि तो मी स्पष्टपणे मांडला.

माझा प्रस्ताव ठिकाणांनुसार मांडणीचा होता. रंकाळा व कोटितीर्थ ही तळी, पंचगंगेचा घाट, अंबाबाईचे देऊळ आणि त्याभोवतीच्या पेठा, नाटकगृह व स्टुडिओ, कुंभारवाडे ही या शहराची ठिकाणे पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली आहेत किंवा तिथे बसून कला घडली आहे. एका तळ्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने कसे पाहिले आणि आजची तरुण मुलगी कसे पाहते, हे शेजारी शेजारी दिसले तर परंपरा म्हणजे काय ते निराळे सांगावे लागणार नाही. दोन ज्येष्ठ चित्रकारांना हे प्रथम पटले नाही, कारण नवशिक्याचे चित्र गुरूच्या चित्राच्या बाजूला लागणे त्यांना औचित्याला सोडून वाटत होते. त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. कोल्हापुरात चित्रकला शिकण्याची रीत अजूनही पाया पडून, ब्रश धुऊन देऊन आणि गुरूच्या मागे उभे राहून पाहण्याची आहे, आणि ती रीत नसती तर हे प्रदर्शन भरवण्याची वेळच आली नसती. अखेर ठिकाणांनुसार मांडणी करावी, पण प्रत्येक विभागात गुरुपरंपरेचा उल्लेख मथळ्यातच यावा, असे ठरले.

२९ ऑगस्ट २०२५

दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनासाठी २३ ते २८ डिसेंबर या तारखांची मागणी नोंदवली. २८ डिसेंबर ही आबालाल रहिमान यांची पुण्यतिथी आहे आणि यंदा त्या दिवशी रविवार येतो, त्यामुळे समारोपासाठी तोच दिवस धरला. गणेशोत्सव सुरू असल्याने कुंभार मंडळींशी अनंत चतुर्दशीपर्यंत कोणीही बोलायला जाऊ नये, असे बजावले आहे.

११ सप्टेंबर २०२५

आज टाउन हॉल संग्रहालयात बराच वेळ घालवला. चार्ल्स मांट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिलेली ही गॉथिक धाटणीची वास्तू आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातील वस्तू जपण्यासाठी हे संग्रहालय सुरू झाले. समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती पाहायला लोक येतात आणि बरेचसे तेवढे पाहून परत फिरतात. आम्ही मात्र चित्रांसाठी गेलो होतो.

आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथे नावलौकिक मिळवून कोल्हापूरला परतले. मुंबईत राहून व्यक्तिचित्रांची कामे घेतली असती तर पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही मिळाली असती. ते इथे आले, कोटितीर्थाजवळ राहिले, राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने दरबारचे चित्रकार झाले, आणि रंकाळा, त्याच्या पाण्यातील संध्यामठ ही दगडी वास्तू, पंचगंगेचा काठ यांची निसर्गचित्रे करीत राहिले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर आणि पुढे १९३१ मध्ये स्वतः जाईपर्यंत त्यांनी शहर सोडले नाही. त्यांच्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर प्रथम जाणवतो तो आकार, कारण त्यांतील कित्येक चित्रे अगदी लहान आहेत. त्यानंतर लक्षात येते की शिस्तबद्ध अभ्यासात मुरलेला हा हात तपशील टाकून देण्याचे धाडस करतो. झाडाचे प्रत्येक पान न काढता रंगाचे लहान लहान फटकारे शेजारी ठेवून तो हवेचा दमटपणा उभा करतो.

आमच्याबरोबर आलेल्या ज्येष्ठ जलरंगकारांनी दोन विद्यार्थिनींना एका चित्रापुढे उभे करून विचारले, ‘‘ह्यात पाणी कुठं रंगवलंय, सांगा बघू?’’ मुलींनी बराच वेळ पाहिले. पाण्याच्या जागी आकाशाचाच रंग किंचित गडद होऊन उतरला होता आणि काठाची एक आडवी रेघ सोडली तर पाणी म्हणून वेगळे काही रंगवलेलेच नव्हते. प्रदर्शनाच्या पहिल्या विभागात प्रेक्षकांना हाच प्रश्न विचारायचा, असे मी तिथेच वहीत लिहून घेतले.

मूळ चित्रे प्रदर्शनासाठी मागावीत का, याचा निर्णयही आज झाला. मागू नयेत. कागदावरील जलरंग प्रकाशाने फिके पडतात आणि झालेली हानी पुन्हा भरून निघत नाही. अशा चित्रांवर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) अधिक प्रकाश पडू नये असा संग्रहालयांचा सर्वमान्य दंडक आहे, आणि गर्दीच्या दालनात आठवडाभर तो पाळणे आम्हाला शक्य होणार नाही. त्याऐवजी रीतसर परवानगी घेऊन मूळ आकारातील प्रतिमा लावाव्यात, त्यांवर ‘प्रतिमा’ असे ठळकपणे लिहावे आणि मूळ चित्र टाउन हॉलमध्ये पाहता येईल असे प्रत्येक ठिकाणी सांगावे. मोठ्या आकारात छापून घेतल्यास अधिक उठून दिसेल, ही सूचना मी स्वीकारली नाही. लहान चित्र लहानच दिसले पाहिजे. त्याच्यापुढे वाकून पाहावे लागते, हा त्या चित्राचाच भाग आहे.

२५ सप्टेंबर २०२५

रंगमंच आणि स्टुडिओ या विभागाचे टिपण आज पूर्ण झाले. माझ्या दृष्टीने हा प्रदर्शनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे थोडे विस्ताराने लिहितो.

आबालाल यांच्या पाठीशी जे. जे. स्कूलचे शिक्षण होते. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंच्या पाठीशी घराण्याची कारागिरी होती आणि बाकी सर्व त्यांनी स्वतः मिळवले. दोघे चुलतभाऊ. नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवण्यात त्यांनी नाव कमावले, इतके की ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. रस्त्याचा, महालाचा, बागेचा, जंगलाचा असे पडदे त्या काळी प्रत्येक कंपनीला लागत. जाड कापडावर सरस आणि कोरड्या रंगाची पूड कालवून भराभर काम करावे लागे. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून वाळल्यावर काय उरेल याचा अंदाज हातात असावा लागे. गॅसबत्तीच्या उजेडात, शेवटच्या रांगेतून, सपाट कापडावर खोल जाणारा रस्ता दिसला पाहिजे, ही त्या कामाची कसोटी होती.

हे सगळे चलच्चित्रात कसे गेले, ते दाखवायचे आहे. आनंदरावांनी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला आणि १९१६ मध्ये ते गेले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा कोल्हापुरातच पूर्ण केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. चित्रणापूर्वी प्रसंगांची रेखाटने करणे, वेशभूषा कागदावर ठरवणे, रंगवलेल्या पडद्याऐवजी खोली असलेले नेपथ्य उभारणे, प्रकाश कुठून यावा याचा चित्रकारासारखा विचार करणे आणि जाहिरातीचे भित्तिचित्र स्वतः रंगवणे ही सारी त्यांची पद्धत होती. दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९२९ मध्ये या दोघांनी इतर सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनीची स्थापना कोल्हापुरात केली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. पुण्यातील प्रभातची कीर्ती सर्वांना माहीत असते, पण तिथल्या कलाविभागाचे हात कुठे घडले हे कोल्हापूरच्या शाळकरी मुलांनाही अनेकदा ठाऊक नसते. त्यासाठी कॅमेऱ्याचे चित्र आणि तारखांची पाटी लावून भागणार नाही. आम्ही एक लहान पडदा जुन्या रीतीने, सरस आणि पूड वापरून, प्रत्यक्ष रंगवून घेणार आहोत. फलक रंगवण्याचे काम आयुष्यभर केलेले एक वयस्क पेंटर त्यासाठी तयार झाले आहेत. त्यांना साहाय्य करण्यासाठी कला महाविद्यालयातील विद्यार्थी दिले आहेत.

केशवराव भोसले नाट्यगृहाविषयी काय लिहावे, यावर आमच्यात मतभेद होते. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये पूर्ण झालेले हे पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ज्यांचे नाव या नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. पहाटेपर्यंत रस्त्यावर उभे राहून रडलेली माणसे आमच्यातही आहेत. आगीची छायाचित्रे लावू नयेत, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. आजच्या चित्रकारांनी त्या वास्तूची आगीपूर्वी केलेली रेखाटने मिळाली आहेत, तीच लावू.

७ ऑक्टोबर २०२५

दसरा आटोपल्यावर आज शाहूपुरी आणि गंगावेस भागांतील कुंभार कारागिरांकडे गेलो. मूर्तिकारांना या प्रदर्शनात स्थान द्यावे का, हा प्रश्न एका बैठकीत आला होता. माझ्या मते तो प्रश्न पडण्याचेच कारण नाही. शाडूची मूर्ती घडवणारा माणूस शरीराचा तोल, वस्त्राच्या चुण्या आणि चेहऱ्याचा भाव यांचा विचार शिल्पकाराइतकाच करतो, फक्त त्याला दिवस ठरवून दिलेला असतो आणि मूर्तीवर त्याची सही नसते. बेंदराचे मातीचे बैल, गौरीचे मुखवटे आणि गणपती या क्रमाने वर्ष मोजणाऱ्या या घरांतून शहराला किती शिल्पकार मिळाले, हे पाहिले तर शंका राहत नाही.

एका घरातील आजींनी बैल घडवून दाखवला. साचा नाही, कोरणी नाही. मातीचा गोळा दोन्ही तळव्यांत लांबवून, चिमटीने वशिंड उचलून आणि अंगठ्याने मान वळवून तो उभा राहिला. त्यांना दालनात बसून काम करण्याची विनंती केली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘बसतो की. पण माती माझी मी आणणार.’’ मातीचे आवार हा विभाग त्यामुळे निश्चित झाला. मानधन इतर सर्व कलावंतांइतकेच राहील आणि फलकावर नावही त्याच आकाराच्या अक्षरांत असेल, हे मी इतिवृत्तात नोंदवले आहे.

१६ ऑक्टोबर २०२५

आलेल्या चित्रांची निवड झाली. एका कलावंताची कितीही चित्रे उत्तम असली तरी दोनपेक्षा अधिक घेता येणार नाहीत, ही मर्यादा पाळली. भिंतीची एकूण लांबी मोजूनच ती ठरवली होती. नकार कळवताना प्रत्येकाशी फोनवर बोललो.

३ नोव्हेंबर २०२५

खासगी घरांतील चित्रे पाहण्याचे काम दिवाळीनंतर पुन्हा सुरू केले. जुन्या पेठांतील कितीतरी घरांच्या माजघरांत आणि जिन्यांत चांगली चित्रे टांगलेली आहेत आणि ती कोणाची आहेत हे घरच्यांना नेमके माहीत असते. त्यांच्या चित्रकारावरील प्रेमाविषयी शंका नाही, पण चित्रांची अवस्था चिंताजनक आहे. मागे ठोकलेल्या स्ट्रॉबोर्डच्या पुठ्ठ्यातील आम्ल कागदात उतरून कडेने तपकिरी पट्टा पडतो. माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, न घालता चित्र थेट काचेला टेकवले असेल तर पावसाळ्यात काचेच्या आत दव धरते आणि रंग काचेला चिकटतो. कसर लागलेली चित्रेही पाहिली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तिथे काही चित्रे भिजली आणि घाईने उन्हात वाळवल्यामुळे कागदाला लहरी आल्या. घरात कमरेइतके पाणी असताना माणसे प्रथम काय वाचवतील हे उघड आहे, आणि तरीही भिंतीवरून चित्र उतरवून माळ्यावर ठेवणारी माणसे होती, हे ऐकून मन भरून आले.

प्रत्येक चित्रासाठी अवस्थापत्रक तयार करतो आहोत. त्यात मोजमाप, माध्यम, सही, डाग, फाटलेले कोपरे, फ्रेमची स्थिती आणि चारही कोपऱ्यांची छायाचित्रे असतील. मालक आणि आम्ही दोघे त्यावर सही करतो. यामुळे थोडा औपचारिकपणा येतो, पण आपले चित्र जसे गेले तसेच परत येईल हा भरवसा कागदावर मिळाला की लोक मोकळेपणाने चित्र देतात. एका कुटुंबाने चित्र देण्यास नकार दिला, कारण ते वडिलांच्या खोलीतून कधी हलवले गेलेले नाही. आम्ही आग्रह केला नाही.

१० नोव्हेंबर २०२५

किरणोत्सवाचे दिवस आहेत. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून गर्भगृहापर्यंत पोहोचतात आणि अंबाबाईच्या मूर्तीवर चढत जातात. ढग, धूर किंवा वाटेतील बांधकाम यांपैकी काही आड आले तर ती अर्ध्यावर थांबतात. ज्यांनी देऊळ बांधले, त्यांनी प्रकाशाचा मार्ग दगडात धरून ठेवला. दृश्यकलेच्या परंपरेविषयी बोलताना या शहरात आरंभ खरे तर इथूनच करावा लागेल.

सहभागी चित्रकारांपैकी काही जण दुपारपासून महाद्वार रोडवर आणि जोतिबा रोडवर बसून रेखाटने करीत होते. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास काळ्या दगडावर पिवळा प्रकाश आडवा पडतो, तेव्हा सावल्या काळ्या न राहता जांभळट होतात. हे डोळ्यांनी दिसते, पण छायाचित्रात नीट उतरत नाही. जिवंत दृश्यासमोर बसण्याचा आग्रह कोल्हापूरचे चित्रशिक्षक का धरतात, ते विद्यार्थ्यांना आज समजले असावे. फुले विकणाऱ्या एक मावशी शेवटपर्यंत एका मुलाच्या चित्राकडे पाहत होत्या आणि आपली टोपली चित्रात उजवीकडे असायला हवी होती, असे त्यांनी त्याला सांगितले. त्याने ती उजवीकडे घेतली. रचना सुधारली.

१९ नोव्हेंबर २०२५

मथळे आणि टिपणे लिहून झाली. एका टिपणाला साठ शब्दांची मर्यादा ठेवली आहे. ‘थोर’, ‘महान’, ‘अजरामर’ ही विशेषणे मी सर्वत्र काढून टाकली, कारण त्यांमुळे वाचणारा चित्राकडे पाहण्याआधीच मत बनवतो. त्यांच्या जागी कागद कोणता, चित्र बसून केले की आठवणीतून, प्रकाश कोणत्या वेळेचा, गुरू कोण, ही माहिती दिली. पंचगंगा घाटाच्या टिपणात कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती या पाच प्रवाहांची नावे दिली आहेत. रंकाळ्याच्या टिपणात ते तळे मुळात दगडाची खाण होते, हे सांगितले आहे.

चंद्रकांत मांडरे यांच्याविषयीचे टिपण पुन्हा पुन्हा लिहावे लागले. रुपेरी पडद्यावरील नायक म्हणून त्यांची ओळख एवढी मोठी आहे की ते बाबूराव पेंटर यांच्याकडे चित्रकला शिकले आणि पावडर शेडिंगमध्ये, म्हणजे कोरड्या पुडीने छटा देण्याच्या पद्धतीत, त्यांनी निसर्गचित्रांचा स्वतःचा मार्ग शोधला, हे मागे पडते. राजारामपुरीतील आपले राहते घर आणि चित्रे त्यांनी शासनाच्या स्वाधीन केली आणि तिथे आज संग्रहालय आहे. प्रदर्शन पाहून बाहेर पडणाऱ्याने तिथे जावे, म्हणून दाराशी शहराचा एक नकाशा लावायचे ठरले. त्यावर टाउन हॉल, मांडरे कलासंग्रहालय, बाबूराव पेंटर यांनी घडवलेला आणि १९४५ मध्ये शिवाजी चौकात बसवलेला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा, कावळा नाक्यावरील रवींद्र मेस्त्री यांचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा ही ठिकाणे दाखवली आहेत. या पुतळ्यांजवळून रोज हजारो वाहने जातात आणि त्यांच्या शिल्पकारांची नावे फार थोड्यांना सांगता येतात.

२८ नोव्हेंबर २०२५

फ्रेमचे काम सुरू झाले. सर्व जलरंगांना आम्लरहित माउंट लावावा, चित्र सेलोटेपने न चिकटवता हातकागदाच्या पट्ट्या आणि गव्हाची खळ वापरून फक्त वरच्या कडेने टांगावे, म्हणजे हवेतील दमटपणानुसार कागदाला फुगायला व आकसायला जागा राहते, या सूचना कारागिरांना लिहून दिल्या. खर्च वाढतो, पण घरमालकांकडून आलेल्या जुन्या चित्रांसाठी ही पद्धत मालकांच्या संमतीने वापरली, तर प्रदर्शन संपल्यावरही चित्रे सुरक्षित राहतील. सोनेरी कोरीव पट्ट्यांचा मोह टाळून सर्वत्र साध्या सागवानी पट्ट्या घेतल्या आहेत.

११ डिसेंबर २०२५

दालनाचा आराखडा कागदावर काढून प्रत्येक चित्राचा कापलेला नमुना त्यावर सरकवून पाहिला. रंकाळ्याच्या भिंतीवर आबालाल यांच्या संध्यामठाच्या चित्राची प्रतिमा मध्यभागी न ठेवता डावीकडे घेतली. तिच्या लगत एका विद्यार्थिनीचे चित्र आहे, ज्यात तोच संध्यामठ आहे, पण काठावर खाद्यपदार्थांच्या गाड्यांचे दिवे आणि पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर आहे. पहिल्या बैठकीत आक्षेप घेणाऱ्या ज्येष्ठांना हा आराखडा मुद्दाम दाखवला. त्यांनी बराच वेळ दोन्ही कागद पाहिले आणि त्या मुलीने हिरवा रंग कसा मिसळला ते विचारले. चित्र तिथेच राहिले.

२२ डिसेंबर २०२५

टांगणी पूर्ण झाली. चित्राचा मध्य जमिनीपासून दीडशे सेंटिमीटरवर ठेवला आहे. लहान प्रतिमा मात्र मुलांनाही दिसाव्यात म्हणून किंचित खाली घेतल्या. जुन्या जलरंगांवरील दिवे मंद करून भिंतीकडे वळवले आणि मोजयंत्राने प्रकाश तपासला. तैलचित्रांना त्याहून अधिक प्रकाश चालतो, त्यामुळे शेजारच्या दोन विभागांत उजेडाचा फरक पडतो, तो डोळ्यांना खटकू नये म्हणून मध्ये रंगवलेला पडदा उभा केला. वयस्क पेंटर काकांनी महालाचा पडदा रंगवला आहे. चार पावलांवरून पाहिले तर नुसते रंगाचे फराटे दिसतात आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेले की खांबांची रांग आत जाते.

२३ डिसेंबर २०२५

उद्घाटन झाले. भाषणे कमी ठेवली होती. सहभागी कलावंतांपैकी वयाने सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान अशा दोघांनी मिळून दालनाचा दरवाजा उघडला.

२६ डिसेंबर २०२५

शाळांच्या सहली येत आहेत. ‘ह्यात पाणी कुठे रंगवले आहे?’ हा प्रश्न काम करतो आहे. मुले चित्रापुढे थांबतात, वाद घालतात, मागे जाऊन पुन्हा पाहतात. मोठी माणसे आपापले घर, आपली तालीम, आपली गल्ली शोधतात आणि सापडली की इतरांना बोलावून दाखवतात. घाटाच्या भिंतीसमोर दोन अनोळखी गृहस्थ १९८०च्या दशकातील पायऱ्यांच्या स्थितीवरून बोलू लागले, आणि त्यांच्या बोलण्यातून एका चित्राचा काळ निश्चित करण्यास आम्हाला मदत झाली. मातीच्या आवारात आजींभोवती इतकी गर्दी असते की तिथला रस्ता मोकळा करण्यासाठी स्वयंसेवक उभा करावा लागला.

ज्येष्ठ जलरंगकारांचे प्रात्यक्षिक दुपारी झाले. त्यांनी कागद भिजवला आणि भिजलेपणाची चमक ओसरेपर्यंत ते गप्पा मारीत बसले. मग आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, एका दमात टाकला. तो वाळण्याची वाट पाहत असताना त्यांनी आपल्या गुरूंविषयी, त्यांच्या गुरूंविषयी आणि रविवारी सायकलींवरून रंकाळ्याला निघणाऱ्या मंडळींविषयी सांगितले. हे सर्व ध्वनिमुद्रित केले आहे. अशा आठवणी पुढच्या पाच-दहा वर्षांत नोंदवल्या नाहीत तर मिळणार नाहीत, आणि माझ्या दृष्टीने हे काम प्रदर्शनाइतकेच निकडीचे आहे.

२८ डिसेंबर २०२५

समारोपाचा दिवस. सकाळी सर्व चित्रकार कोटितीर्थाच्या काठी जमले आणि तिथेच बसून चित्रे केली, हीच आबालाल यांना वाहिलेली आदरांजली होती. ही ताजी चित्रे दुपारी दालनात, पहिल्या विभागाच्या रिकाम्या ठेवलेल्या जागेत, ओल्या माउंटसह लावली. दिवसभर गर्दी ओसरली नाही. विक्रीला ठेवलेल्या चित्रांपैकी बरीच शहरातील साध्या नोकरदार कुटुंबांनी घेतली, याचे मला विशेष समाधान आहे. कोल्हापुरात घरात चित्र असणे ही श्रीमंतीची खूण कधी नव्हती, आणि ती होऊ नये म्हणून लहान आकाराच्या चित्रांच्या किमती मुद्दाम आवाक्यात ठेवल्या होत्या.

३० डिसेंबर २०२५

घरोघरी चित्रे परत पोहोचवण्याचे काम चालू आहे. प्रत्येक ठिकाणी अवस्थापत्रक काढून, चित्र मालकांसमोर तपासून, सही घेतली जाते. ज्या चित्रांना नवा माउंट लावला, त्यांच्या मालकांना ती उन्हाच्या भिंतीवर आणि न्हाणीघराच्या लगतच्या भिंतीवर टांगू नयेत, पावसाळ्यापूर्वी मागची बाजू उघडून पाहावी, असे छापील पत्रक दिले. नकार दिलेल्या कुटुंबातील मुलगा प्रदर्शन पाहून गेला होता. त्याने काल फोन करून वडिलांच्या खोलीतील चित्राचे छायाचित्र काढायला या, असे कळवले आहे.

९ जानेवारी २०२६

जमाखर्च पूर्ण झाला आणि सर्वांना पाठवला. मानधने दिली गेली. रंगवलेला पडदा एका कला महाविद्यालयाने शिकवण्यासाठी मागितला आहे आणि पेंटर काकांची त्याला संमती आहे. तो गुंडाळताना घडी घालू नये, रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावा, कारण सरसातील रंग घडीवर तडकतो, हे लेखी दिले.

पुढील काम दोन भागांत वाटले आहे. खासगी घरांतील चित्रांची छायाचित्रांसह सूची करणे आणि ज्येष्ठ चित्रकार, फलक रंगवणारे पेंटर व मूर्तिकार यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे. सूचीची एक प्रत प्रत्येक मालकाकडे राहील. मुलाखतींची सुरुवात वयाने सर्वांत मोठ्या मंडळींपासून करायची आहे, आणि पहिली मुलाखत येत्या रविवारी गंगावेशीतील आजींच्या घरी ठरली आहे. किरणोत्सवाच्या पुढील पर्वात, म्हणजे ३१ जानेवारीपासून, विद्यार्थी पुन्हा महाद्वार रोडवर बसतील. त्यासाठी वाहतूक पोलिसांकडे अर्ज दिला आहे.